वाचकांचे प्रश्न : वडिलांची न उघडणारी फाइल, वाड्यातले वाय-फाय आणि इतर पत्रे

गेल्या महिन्यात या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये नव्या फोनच्या खरेदीविषयी विचारणारी पत्रे कमी होती आणि घरात आधीपासून असलेल्या गोष्टींविषयी विचारणारी पत्रे अधिक होती. मला याचा मनापासून आनंद झाला. नवीन वस्तू कोणती घ्यावी हे दुकानदार सांगतोच. परंतु घरात असलेली वस्तू आपले काम का करीत नाही, हे शांतपणे समजावून सांगणारा माणूस सहसा भेटत नाही. या वेळी सहा पत्रांना उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण तशीच अडचण पुण्यातील अनेक घरांच्या कपाटांत बंद होऊन पडलेली मी पाहिली आहे.

प्रश्न : माझे वडील मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. १९९९ ते २००५ या काळात त्यांनी घरच्या संगणकावर स्वतः टंकलेखन करून आपल्या आठवणी लिहिल्या. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या कपाटात नऊ फ्लॉपी आणि दोन सीडी सापडल्या. सीडीवरील फायली उघडतात, पण पानावर मराठीऐवजी टोपी घातलेली रोमन अक्षरे, पौंडाची चिन्हे आणि अवतरणचिन्हे यांचा गोंधळ दिसतो. संगणक दुरुस्त करणाऱ्याने फायली खराब झाल्याचे सांगितले. काही करता येईल का? (एक वाचक भगिनी, कर्वेनगर)

उत्तर : आपल्या फायली खराब झालेल्या नाहीत. खराब झालेली फाइल एकतर उघडतच नाही किंवा मध्येच तुटते. आपण पत्रासोबत पाठवलेल्या पानाच्या छायाचित्रात परिच्छेद जागच्या जागी आहेत, ओळी पूर्ण आहेत, प्रकरणाचे शीर्षक मध्यभागी आहे. फक्त अक्षरे अनोळखी आहेत. याचा अर्थ मजकूर शाबूत आहे आणि तो वाचण्याची किल्ली तेवढी हरवली आहे. ती किल्ली म्हणजे वडिलांनी वापरलेला फॉन्ट.

त्या काळी एका फॉन्टमध्ये २५६ जागा असत आणि त्यांची आखणी रोमन लिपी गृहीत धरून केलेली असे. संगणकाला मराठी ठाऊकच नव्हती. मराठी फॉन्ट तयार करणाऱ्यांनी मग अशी युक्ती केली, की जेथे रोमन अक्षराचे चित्र असायचे तेथे देवनागरीचा एखादा तुकडा बसवला : कोठे अर्धा त, कोठे काना, कोठे वेलांटी, कोठे रफार. वडील जेव्हा ‘शाळा’ असे लिहीत, तेव्हा पडद्यावर आणि कागदावर ‘शाळा’ दिसे, पण फायलीत मात्र चार-पाच रोमन चिन्हांचे क्रमांक साठवले जात. तो फॉन्ट संगणकात असेपर्यंत सारे सुरळीत चालते. फॉन्ट गेला, की संगणक त्या क्रमांकांची मूळ रोमन चिन्हे दाखवू लागतो, आणि हाच आपल्याला दिसणारा गोंधळ होय. त्यात प्रत्येक कंपनीने तुकड्यांची मांडणी आपापल्या पद्धतीने केली होती, त्यामुळे एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या मराठी फॉन्टमध्येही वाचता येत नाही.

यातील बरेच काम आपल्याच शहरात झाले, हे येथे सांगावेसे वाटते. ‘श्रीलिपी’ ही मराठी फॉन्टांची प्रणाली पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचे नाव काढले की १९९१ च्या ‘परम ८०००’ या महासंगणकाची आठवण निघते, आणि ती निघावीच. परंतु कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम याच संस्थेत पुढे वाढले आणि ‘आयएसएम’सारखी मराठी टंकलेखनाची साधने कचेऱ्यांत व छापखान्यांत पोहोचली, त्याचे मोल मला तितकेच वाटते. पुण्याच्या पेठांतील अक्षरजुळणी करणाऱ्यांनी कित्येक दिवाळी अंक अशाच फॉन्टांवर काढले. १९९१ मध्ये युनिकोडची, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या सामाईक पद्धतीची, पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. मात्र ती सोय सर्वसामान्य घरांतील संगणकांवर रुळायला पुढची पंधरा-वीस वर्षे गेली. आपल्या वडिलांचे लेखन नेमके या मधल्या काळातील आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. सीडी आणि फ्लॉपींवर थेट काम करू नये. आधी त्यांवरील सारे जसेच्या तसे संगणकात उतरवून घ्यावे. फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडता येणारा ड्राइव्ह लागतो. मी माझा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तीन-चार दुकाने हिंडून मिळवला. प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातील काळी पट्टी सरकवून तेथील छिद्र उघडे करावे, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. मग धातूची झडप हलकेच बाजूला करून आतील तपकिरी चकती उजेडात पाहावी. पुण्याच्या पावसाळी हवेत तिच्यावर बुरशीचे पांढरे ठिपके धरतात, आणि अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ती स्वतः जातेच, शिवाय ड्राइव्हचे डोके घाण करून पुढच्या फ्लॉपीचेही नुकसान करते. ठिपके असलेल्या फ्लॉपी बाजूला ठेवून जाणकाराकडे द्याव्यात. संगणकाने ‘फॉरमॅट करू का’ असे विचारले, तर काहीही झाले तरी ‘नाही’ म्हणावे.

फायली उतरल्या की लिबरऑफिस हे मोफत मिळणारे साधन घेऊन त्यात एक फाइल उघडावी आणि गोंधळलेल्या मजकुरावर कर्सर ठेवावा. वरच्या पट्टीतील चौकटीत फॉन्टचे नाव दिसेल, तो फॉन्ट संगणकात नसला तरीही. हे नाव कागदावर लिहून घ्यावे. वडिलांचा जुना संगणक अजून माळ्यावर असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी त्याच्या हार्ड डिस्कमध्ये फॉन्टचा फोल्डर पाहावा. किल्ली बहुधा तेथेच असते. फॉन्ट बसवला की पाने पुन्हा मराठीत दिसू लागतील. त्याच क्षणी, पुढचे काहीही करण्याआधी, ती पाने पीडीएफ करून ठेवावीत. वडिलांनी लिहिलेले पान जसे दिसत होते तसे हे आहे, आणि नंतर काही शंका आली तर ताडून पाहायला तेच उपयोगी पडेल.

यानंतर युनिकोडमध्ये रूपांतर. त्यासाठी फॉन्टनिहाय साधने मिळतात आणि ती बरीच चांगली असतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. अडचण अशी, की जुने फॉन्ट डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने अक्षरे साठवतात आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘किल्ला’ लिहिताना जुन्या फायलीत वेलांटी आधी असते आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. ‘मूर्ती’तील रफार जुन्या फायलीत ‘ती’च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये तो ‘त’च्या आधी र् म्हणून येतो. ही अदलाबदल करताना जोडाक्षरांपाशी साधने अडखळतात. माझ्या मामांनी सह्याद्रीतील भटकंतीविषयी लिहून ठेवलेली सुमारे दीडशे पाने मी अशी बदलून घेतली, तेव्हा गडाखालच्या साऱ्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होऊन बसल्या होत्या. डोंगरात समुद्र शिरलेला पाहून मी ती सारी पाने पीडीएफशेजारी ठेवून ओळीओळीने वाचली. आठ रविवार लागले. ते रविवार मामांच्या सहवासात गेले, असेच मला आजही वाटते, आणि आपल्यालाही हे वाचन दुसऱ्या कोणाकडे सोपवू नये असे सुचवीन.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्यापूर्वीची साधने ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवतात, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसते, पण शोधताना एक सापडते आणि दुसरे सापडत नाही. म्हणून ‘शोधा आणि बदला’ वापरून सर्वत्र एकच रूप करून घ्यावे.

शेवटी मजकूर साध्या टेक्स्ट स्वरूपातही जपावा, कारण ते स्वरूप कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही आणि कोणताही संगणक ते वाचू शकतो. आकाराची काळजी नसावी : दोनशे पानांचे मराठी पुस्तक या स्वरूपात १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीतही मावते. एक प्रत आपल्या संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवावी. आणि चांगल्या कागदावर एक प्रत छापून बांधून घ्यावी. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात बांधणीचे काम करणारे आजही मिळतात.

प्रश्न : आम्ही शनिवार पेठेत जुन्या वाड्यात राहतो. वाय-फाय पुढच्या खोलीत उत्तम चालते, पण मागच्या खोलीत, जेथे मुलगी अभ्यासाला बसते, तेथे व्हिडिओ सारखा थांबतो. कंपनीचा माणूस अधिक वेगाची योजना घ्या असे सांगतो. घ्यावी का? (एक वाचक, शनिवार पेठ)

उत्तर : घेऊ नये. आपल्या घरात येणारी वायर पुरेशी वेगवान आहे, हे पुढच्या खोलीने सिद्ध केलेच आहे. अडचण वायर संपल्यानंतरची आहे. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची सुमारे सहा. दुसरी लहर वेगवान असते, पण भिंतीतून जाताना लवकर दमते. नव्या सदनिकेतील चार-सहा इंचांच्या भिंती तिला फारशा अडवत नाहीत. वाड्यातील दोन-अडीच फूट जाडीची, दगडविटांची भिंत मात्र तिला जवळजवळ गिळून टाकते, आणि माजघर ओलांडून मागे जायचे म्हणजे अशा दोन भिंती आल्या.

राउटर कोठे ठेवला आहे, हे आपण लिहिलेले नाही. अशाच एका वाड्यात मला पाहायला बोलावले होते, तेव्हा तो पोटमाळ्यावर, तांब्याच्या बंबामागे आणि पत्र्याच्या ट्रंकांच्या मधोमध सापडला. वायर तेथून आत येते म्हणून बसवणाऱ्याने तेथेच ठेवून दिला होता. धातू ही लहर परतवतो आणि पाणी ती शोषून घेते, म्हणून लोखंडी कपाट, पाण्याचे पिंप आणि आरसा यांच्यापासून राउटर दूर असावा, उघड्यावर असावा आणि शक्य तर डोक्याच्या उंचीवर असावा. एवढ्यानेही भागले नाही, तर राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅनची वायर टाकून तेथे दुसरा छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरमधून आलेले इंटरनेट वाय-फायने पसरवणारी डबी, बसवावा. ही वायर १०० मीटरपर्यंत विनातक्रार चालते आणि चौकाच्या कडेने, वळचणीखालून नेली तर दिसतही नाही. प्लगमध्ये खोचायचे स्वस्त रिपीटर मी सहसा सुचवत नाही; त्यांतील बरेचसे एकाच लहरीवर ऐकतात आणि त्याच लहरीवर पुन्हा बोलतात, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

प्रश्न : माझ्याकडे २०० एमबीपीएसचे कनेक्शन आहे. वेगाची चाचणी नेहमी पूर्ण येते. तरीही रात्री मित्रांबरोबर ऑनलाइन खेळताना सारखा अडथळा येतो आणि व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो. असे का? (एक विद्यार्थी, धनकवडी)

उत्तर : तुमचा प्रश्न मला विशेष आवडला, कारण त्याचे उत्तर तुमच्या घराजवळच जमिनीखाली आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत बंदिस्त नळ बांधून पाणी आणले गेले. आता दोन वेगळ्या गोष्टी पाहा. हौदाला दर घटकेला किती पाणी मिळते, हे नळाच्या रुंदीवर ठरते. कात्रजला सोडलेले पहिले पाणी हौदात पडायला किती वेळ लागतो, हे अंतरावर आणि वाटेत ते कोठे तुंबते यावर ठरते. तुम्ही विकत घेतलेले २०० एमबीपीएस म्हणजे नळाची रुंदी. खेळाला आणि संभाषणाला रुंदी फार थोडी लागते. त्यांना महत्त्व आहे ते पोहोचण्याच्या वेळेचे.

या वेळेला एक खालची मर्यादा आहे आणि ती कोणालाही मोडता येत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. खेळाचा सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा दूरचा संगणक, मुंबईत असेल, तर जाऊन येण्याला दोन-तीन मिलिसेकंद पुरतात. तो सिंगापूरमध्ये असेल, तर अंतर सुमारे ४,००० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन किमान ४० मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही, म्हणून त्याहून बरेच अधिक. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी किमान १२५. म्हणून खेळाच्या सेटिंगमध्ये सर्व्हर निवडता येत असेल, तर भारतातील निवडावा. हे सारे आंतरराष्ट्रीय दळणवळण समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींतून चालते, हे आपण विसरतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ अशा दोन केबली तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट कित्येक दिवस रखडले होते.

परंतु तुम्ही ‘रात्री’ असे लिहिले आहे, आणि माझ्या मते तुमची अडचण अंतराची नसून तुंबण्याची आहे. रात्री घरातील सगळ्यांचे फोन चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो व व्हिडिओ आपोआप वर चढवू लागतात. तुमच्या राउटरमध्ये पाठवायच्या माहितीचा एक हौद असतो. तो फोटोंनी काठोकाठ भरला, की तुमच्या खेळातील इवलीशी चाल त्या साऱ्याच्या मागे रांगेत उभी राहते. वेगाची चाचणी तुम्ही केव्हा करता? बहुधा सारे शांत असताना. आज रात्री घरच्यांच्या परवानगीने सर्व फोनांचे बॅकअप अर्धा तास थांबवा आणि खेळून पाहा. फरक पडला, तर राउटरमध्ये ‘क्यूओएस’ नावाची सोय आहे का ते शोधा. ती खेळाच्या व कॉलच्या माहितीला रांगेत पुढे घेते. आणि जमल्यास संगणक वायरने जोडा.

प्रश्न : लग्नाचे फोटो नातेवाइकांनी व्हॉट्‌सॲपवर पाठवले. मोठे करून छापायला दिले, तर पुसट आले. छापणाऱ्याची चूक आहे का? (एक वाचक भगिनी, निगडी)

उत्तर : नाही. व्हॉट्‌सॲप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेतच आकाराने लहान करते, आणि एकदा गेलेला तपशील परत येत नाही. ज्यांनी फोटो काढले त्यांच्या फोनमध्ये मूळ फोटो असतील. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे जसेच्या तसे येतील. हे लवकर करावे. नातेवाईक फोन बदलतात आणि मूळ फोटो जुन्या फोनबरोबर जातात.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा आहे. जुना पलंग विकण्यासाठी ऑनलाइन जाहिरात दिली होती. एका गृहस्थाने आपण लष्करात असल्याचे सांगून, न पाहताच पलंग घेतो असे म्हटले आणि पैसे पाठवण्यासाठी एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाकला, तर माझ्याच खात्यातून १८,००० रुपये गेले. ही गोष्ट कालची आहे. मुलांना अजून सांगितलेले नाही, फार लाज वाटते. (एक ज्येष्ठ वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : आपले पत्र ईमेलने आले त्याच संध्याकाळी मी आपल्याला कळवले आहे, येथे इतरांसाठी पुन्हा लिहितो. अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तात्काळ फोन करणे, आणि त्याच तासात आपल्या बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक लिहून घेणे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेले जातात. मधल्या एखाद्या खात्यात ते असेपर्यंत गोठवता येतात, म्हणून येथे मिनिटांना किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशा प्रकरणी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही. पिन आपण स्वतः टाकलेला असल्यास कळवण्यापूर्वीचे नुकसान मात्र ग्राहकाकडे राहते. कळवल्यानंतरचे बँकेकडे जाते. म्हणून उशीर करू नये.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले, आणि त्याचा नियम तेव्हापासून आजपर्यंत बदललेला नाही : शिल्लक पाहण्यासारखी कामे सोडली, तर पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. भाजीवाली आपल्याकडून पैसे घेते तेव्हा ती तिच्या फोनवर काही करते का, हे आठवून पाहावे. कोड तिचा असतो, स्कॅन आपण करतो, पिन आपण टाकतो, आणि पैसे तिला मिळतात.

आणि काका, मुलांना आजच सांगा. आपण कोणाचे काही घेतलेले नाही. आपल्याला फसवले गेले आहे. हे काम करणारे लोक दिवसभर तेच करतात, आणि नोकरीतील तरुण इंजिनियरही त्यांना बळी पडलेले मी जवळून पाहिले आहेत. मुलांना ठाऊक असले, तर पुढच्या अशा फोनच्या वेळी आपण एकटे नसाल.

प्रश्न : आपण इतकी वर्षे इंटरनेट वापरता. पूर्वीचे इंटरनेट अधिक चांगले होते, असे आपणास वाटते का? (एक वाचक, औंध)

उत्तर : एका बाबतीत वाटते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ते आमच्या घरी आले तेव्हा त्याला घरात एक ठरावीक जागा होती. बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर संगणक, शेजारी मॉडेम. मॉडेम फोनच्या तारेवरून शीळ घालत जोडला जाई आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद राही, म्हणून आई आतून विचारायची, ‘झाले का रे तुझे? मावशीचा फोन यायचा आहे.’ मग उठावे लागे. इंटरनेटकडे आपण जात होतो आणि तेथून परत येत होतो. ते टेबल मी आजही ठेवले आहे, आणि लांबलचक वाचन व पत्रलेखन फोनवर न करता तेथेच बसून करतो.

परंतु त्या इंटरनेटवर मराठी जवळजवळ नव्हती, हे विसरून कसे चालेल? आम्ही मित्र एकमेकांना रोमन लिपीत मराठी लिहीत होतो आणि एकमेकांचे वाचताना अडखळत होतो. पुढे फोन आले, तर त्यांच्या एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरे मावत आणि देवनागरीची फक्त ७०, काने, मात्रा आणि वेलांट्या धरून. आपल्या भाषेत लिहायचे तर निम्म्याहून कमी जागेत लिहायचे, असा तो हिशेब होता. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभा केलेला मराठी विश्वकोश आज घरबसल्या वाचता येतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, शिकागो विद्यापीठाने शोधता येईल अशा रूपात सर्वांना खुला केला आहे. हे सारे पाहिले की, तो जुना काळ परत यावा असे मला मुळीच वाटत नाही.

गेल्या आठवड्यात पाऊस लागून राहिला होता. माझी नात खिडकीत उभी राहून समोरच्या कौलांवरून ओळीने पडणारे पाणी पाहत होती आणि त्याला काय म्हणतात असे तिने विचारले. ‘पागोळ्या,’ मी म्हणालो. हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. तिच्या इमारतीला कौलेच नाहीत. आम्ही त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मोल्सवर्थमध्ये ‘पागोळी’ शोधली आणि ती सापडली. मग ते पाणी जेथून पडते त्याला काय म्हणतात, हे तिने विचारले, आणि मी सांगितल्यावर ‘वळचण’ हा शब्द ती स्वतः टाइप करू लागली. ‘व’ झाल्यावर तिचे बोट थांबले. ‘ळ’ कोठे आहे? इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर तो ‘ल’च्या कळीवरच, शिफ्ट दाबून मिळतो, हे मी तिला दाखवले.